स्कोप झिरो होत नाही, तेव्हा नेमके काय तपासावे

सातारा-सांगलीकडे छऱ्याच्या बंदुकीवर दुर्बीण, म्हणजे स्कोप, बसवणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते: स्कोप नवा आहे, बंदूक चांगली आहे, पण स्कोपमधल्या फुलीने नेम धरला तरी छर्रा भलतीकडेच लागतो, म्हणजे स्कोप झिरो होत नाही (फुली जिथे तिथेच छर्रा, असे जुळत नाही), आणि फुली सरकवणाऱ्या टरेटचे, म्हणजे स्कोपवरच्या बोंडांचे, क्लिक फिरवावेत तितका गोंधळ वाढत जातो. अशा वेळी दुकानदार महागड्या स्कोपकडे बोट दाखवतो आणि घेणारा तो घेतोही. मग नव्या स्कोपने तोच खेळ पुन्हा सुरू होतो. माझे मत असे आहे की अशा बहुतेक तक्रारींत स्कोप निर्दोष असतो आणि दोष त्याच्या खाली, मागे किंवा समोर असतो. स्कोप सदोष असेलच तर ते शेवटी, बाकीच्या शक्यता एकेक करून बाद केल्यावरच ठरवता येते. म्हणून पुढील तपासण्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

येथे गृहीत धरलेली बंदूक म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाची, नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअर रायफल. तीच सर्वाधिक आढळते आणि स्कोपचे सर्वाधिक हाल तीच करते. हवेच्या टाकीची पीसीपी किंवा परवान्याची .२२ रायफल असेल तर स्प्रिंग आणि मोडती नळी यांच्याशी संबंधित भाग सोडून बाकीचे जसेच्या तसे लागू पडते. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाची किंवा २० जूलपेक्षा अधिक ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू असताना पक्ष्यांवर ‘नेम तपासणे’ हा विषयच उरत नाही. चाचणी कागदावरच करावी. कागदामागे वाळूने भरलेले पोते ठेवावे. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या बांधावर शिशाचा छर्रा आपटला तर तो उलट येतो, त्यामुळे चष्मा घातल्याशिवाय घोड्याला बोट लावू नये. मागे ऊस उभा आहे म्हणजे रान मोकळे आहे, असेही समजू नये. सरीत पाणी धरणारा माणूस बांधावरून दिसत नाही.

आधी कागद वाचावा

नेम बसत नाही या एका वाक्यात दोन निरनिराळे रोग दडलेले असतात. पाच छर्रे एकमेकांजवळ लागतात, पण मध्यापासून दूर लागतात, हा पहिला. पाच छर्रे पाच दिशांना जातात, हा दुसरा. पहिल्याचे औषध टरेटमध्ये आहे. दुसऱ्याचे टरेटमध्ये अजिबात नाही. तरीही प्रत्येक छऱ्यानंतर क्लिक फिरवण्याची सवय इतकी सार्वत्रिक आहे की दुसऱ्या रोगाचा रोगी आयुष्यभर पहिल्याचे औषध घेत बसतो. म्हणून १० मीटरवर वर्तमानपत्राच्या पानाएवढा कोरा कागद लावावा, मध्यभागी एक ठिपका काढावा, टरेटला हात न लावता पाच छर्रे मारावेत आणि मगच कागदाजवळ जावे.

पाचही छिद्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात असतील तर बंदूक, छर्रे आणि हात ठीक आहेत, असे मानून पुढे जाता येते. छिद्रे उभ्या रेषेत पसरली असतील तर संशय पकडीवर, नळीच्या सांध्यावर किंवा कमीजास्त होणाऱ्या वेगावर घ्यावा. छिद्रांचे दोन वेगळे झुबके दिसत असतील तर कुठली तरी वस्तू दोन जागांमध्ये उड्या मारते आहे. ती माउंट, म्हणजे स्कोप बंदुकीवर धरून ठेवणारी बैठक, असू शकते, स्कोपच्या आतली, फुली सरकवणारी नळीही असू शकते. झुबका दर पाच छऱ्यांनंतर एकाच दिशेने सरकत असेल तर माउंट घसरतो आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. हे सगळे कागद तारीख आणि अंतर लिहून जपून ठेवावेत. पुढे त्यांचा उपयोग होतो.

हात दोषी आहे की बंदूक, हा वाद सोडवण्याचा सोपा उपाय आपल्या भागात घरोघरी उपलब्ध आहे. सातारा जिल्ह्यात फौजेतून निवृत्त झालेला माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. ‘सुभेदारसाहेब, जरा पाच छर्रे टाकून बघता का?’ एवढे विनवले की पुरे. मात्र त्यांना स्प्रिंगची बंदूक घट्ट धरू नका, असे आधी सांगावे, कारण फौजेत बट खांद्यात गच्च रोवायला शिकवतात आणि स्प्रिंगच्या बंदुकीला नेमके तेच मानवत नाही. तिच्यात छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच जड पिस्टन पुढे धावतो, बंदूक आधी मागे आणि पिस्टन थांबताच पुढे उसळते. ही उसळी प्रत्येक वेळी सारखी झाली तरच छर्रे एका जागी लागतात. त्यासाठी दस्ता उघड्या तळव्यावर नुसता टेकवावा, बट खांद्याला जेमतेम लागू द्यावी आणि बंदूक टेबलावर किंवा विटेवर थेट ठेवू नये. वाळूच्या पिशवीवर हात आणि हातावर बंदूक, असा क्रम असावा.

क्लिकचे गणित

झुबका चांगला जमतो, पण मध्याकडे येतच नाही, असे असेल तर बहुधा गणित चुकलेले असते. टरेटवर लिहिलेला पाव मिनिटाचा (येथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक १०० मीटरवर छर्रा सुमारे ७.३ मिलिमीटर हलवतो. अंतर कमी झाले की तोच क्लिक त्याच प्रमाणात आखडतो: २५ मीटरवर १.८ मिलिमीटर आणि १० मीटरवर पाऊण मिलिमीटरही नाही. म्हणजे १० मीटरवर छर्रा चार सेंटिमीटर खाली लागत असेल तर सुमारे ५५ क्लिक द्यावे लागतात. चार-पाच क्लिक देऊन ‘काहीच फरक पडत नाही, टरेट मेला आहे’ असे म्हणणारा माणूस प्रत्यक्षात तीन-चार मिलिमीटर फरकाची अपेक्षा करीत असतो आणि त्याचा झुबका त्याहून मोठा असतो.

टरेटवरचा ‘अप’ आणि ‘आर’चा बाण छर्रा कोणीकडे जाईल ते दाखवतो, फुली कोणीकडे जाईल ते नव्हे. छर्रा खाली लागत असेल तर बाणाच्या दिशेने वर न्यावे. मोठा बदल केल्यावर दोन-तीन छर्रे हिशेबात न धरता मारावेत, कारण स्वस्त स्कोपमध्ये आतली नळी स्क्रूच्या मागोमाग लगेच सरकत नाही. एखाद्या हादऱ्यानंतर ती जागेवर बसते. टरेटवर स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हलकेच टकटक करण्याची जुन्या लोकांची सवय याच कारणाने आहे आणि ती निराधार नाही.

अंतर बदलले की झिरोही बदलतो, हेही याच गणितात बसते. स्कोप नळीच्या मध्यापासून चार-साडेचार सेंटिमीटर उंच बसलेला असतो, त्यामुळे छर्रा नजरेच्या रेषेखालून निघतो, वर चढून ती रेषा गाठतो आणि नंतर खाली येतो. साधारण ताकदीची ४.५ मिलिमीटरची बंदूक २५ मीटरवर झिरो केली तर १० मीटरवर ती अंदाजे एक सेंटिमीटर खाली मारते. हा बिघाड नव्हे. ज्या अंतरावर नेहमी नेमबाजी करायची, त्याच अंतरावर अंतिम झिरो करावा.

माउंट आणि रिंगा

सर्वाधिक दोष येथे सापडतात, म्हणून येथे घाई करू नये. स्प्रिंगच्या बंदुकीचा पुढे बसणारा हिसका माउंटला हळूहळू मागे ढकलत नेतो. हे डोळ्यांना दिसत नाही, पण पाहण्याची युक्ती सोपी आहे: मागच्या माउंटच्या पाठीमागे, त्याला अगदी चिकटून, रेलवर (बंदुकीच्या पाठीवरच्या, माउंट बसतो त्या पट्टीवर) टोकदार पेन्सिलीने आडवी रेघ ओढावी आणि तशीच बारीक रेघ रिंगेच्या, म्हणजे स्कोप धरणाऱ्या माउंटच्या कड्याच्या, कडेला स्कोपच्या नळीवरही ओढावी. वीस-पंचवीस छर्रे मारल्यावर भिंगातून पाहावे. रेलवरची रेघ माउंटखाली गेली असेल तर माउंट घसरतो आहे. नळीवरची रेघ आणि रिंग यांच्यात फट पडली असेल तर स्कोप रिंगांमध्ये सरकतो आहे. घसरलेल्या रेलवर काळ्या रंगातून चकचकीत ओरखडा दिसतो आणि तो बोटाच्या नखाला लागतोही.

घसरणाऱ्या माउंटचा उपाय स्क्रू आणखी आवळणे हा नव्हे. रेलच्या मागच्या भागात बहुतेक बंदुकांना एक छोटे छिद्र असते आणि चांगल्या माउंटच्या तळाशी त्या छिद्रात उतरणारी पिन असते. पिन छिद्रात पूर्ण उतरल्याची खात्री करूनच माउंट आवळावा. छिद्र नसेल तर मागे वेगळा स्टॉपर लावावा. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतला एखादा लेथवाला असा ठोकळा सहज करून देतो. फक्त आपल्या रेलचे माप त्याला व्हर्नियरने घ्यायला लावावे, कारण ११ मिलिमीटरच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डव्हटेल रेलांची मापे प्रत्यक्षात थोडीफार वेगळी निघतात. बसवण्यापूर्वी रेल, माउंटचा तळ आणि रिंगांची आतली बाजू स्पिरिट लावलेल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. गंज लागू नये म्हणून बंदुकीला तेलाचा हात फिरवण्याची पावसाळ्यातली आपली सवय चांगलीच आहे, पण तेच तेल रेलवर राहिले तर कोणताही माउंट टिकत नाही.

रिंगांच्या वरच्या पट्टीचे स्क्रू तिरक्या क्रमाने, प्रत्येकी थोडे थोडे आवळावेत आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे पाहावे. टॉर्कची किल्ली असेल तर साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरेसे होते. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असल्यास तोच पाळावा. किल्ली नसेल तर अ‍ॅलन की आखूड बाजूने दोन बोटांत धरून, बोटांचा जोर संपेल तिथे थांबावे. लांब बाजूने जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमची नळी चेपते, आतली नळी अडकते आणि टरेट फिरवूनही फुली जागची हलत नाही. स्कोप काढल्यावर नळीवर रिंगेच्या आकाराचा वळ दिसला, तर तो स्कोप चांगला असला तरी त्याला आपणच आजारी पाडले आहे, असे समजावे. रिंगेखाली इन्सुलेशन टेप गुंडाळण्याची पद्धतही सोडून द्यावी. उन्हात त्याचा चिकटपणा वितळतो आणि स्कोप त्यावर तरंगू लागतो.

रिंगा आवळतानाच फुली सरळ करून घ्यावी. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा उत्तम. १० मीटरवर पत्र्याच्या शेडच्या कैचीला ओळंबा टांगावा, बंदूक पाणपातळीने समतल ठेवावी आणि फुलीची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर तंतोतंत बसवावी. फुली तिरकी राहिली तर १० मीटरवर मध्यात लागणारा छर्रा २५ मीटरवर बाजूला जातो, आणि मग तो दोष वाऱ्याच्या माथी मारला जातो. वारा खरोखरच दोषी असू शकतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या काही उगाच उभ्या केलेल्या नाहीत, आणि अर्ध्या ग्रॅमचा छर्रा साध्या झुळुकीनेही वाहतो. म्हणून झिरो करायचा तो भल्या सकाळी, वारा सुटण्यापूर्वी.

बंदूक आणि छर्रे

हे थोडक्यात आटोपते. दस्त्याचे तिन्ही-चारही स्क्रू स्प्रिंगच्या हादऱ्यांनी ढिले होतात. ते दर बैठकीपूर्वी तपासावेत. नळी बंद करून तिचे टोक बोटांनी आजूबाजूला हलवून पाहावे; किंचितही खडखडली तर सांध्याचा बोल्ट आवळावा. नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली पाहावी, तेथे टवका उडालेला असेल तर कोणताही स्कोप त्यावर उपाय नव्हे. छर्रा उडताना धूर आणि फटाक्यासारखा आवाज येत असेल तर सिलिंडरमध्ये गेलेले तेल पेटते आहे. शिलाई मशीनचे किंवा खोबरेल तेल त्यात कधीही सोडू नये.

छर्रे दोन-तीन प्रकारचे घेऊन प्रत्येकाचे पाच-पाच मारून पाहावेत. एकाच नळीत एका प्रकारचा झुबका दुसऱ्याच्या निम्मा निघणे ही रोजची गोष्ट आहे. डबीत दबलेले, शेपटीची कड वाकलेले छर्रे बाजूला काढावेत.

पॅरलॅक्स

फुली आणि लक्ष्याची प्रतिमा स्कोपच्या आत एकाच प्रतलात पडली नाही, तर डोळा हलला की फुली लक्ष्यावर सरकते. मोठ्या रायफलींसाठी बनवलेले अनेक स्कोप १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, जुळवलेले असतात. असा ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप १० मीटरवर वापरला तर केवळ डोळा कडेला गेल्यामुळे हिशेबाने सुमारे १८ मिलिमीटरपर्यंत चूक होऊ शकते. बंदूक, माउंट आणि छर्रे सगळे बिनचूक असूनही झुबका फाटतो, तो असा.

तपासण्यापूर्वी डोळ्याकडची काच जुळवावी. आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरून क्षणभर पाहावे आणि पहिल्याच नजरेत फुली रेखीव दिसेपर्यंत काच फिरवावी. टक लावून पाहिले तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. मग बंदूक वाळूच्या पिशव्यांत पक्की रुतवावी, हात काढून घ्यावा आणि फक्त डोके वर-खाली हलवावे. फुली ठिपक्यावरून हलत असेल तर पुढची किंवा बाजूची अंतराची रिंग ती थांबेपर्यंत फिरवावी. रिंगेवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, फुलीच्या हालचालीवर ठेवावा. स्कोपला अशी रिंगच नसेल तर गालाची जागा दस्त्यावर दर वेळी तीच ठेवणे, हा एकच मार्ग उरतो. गाल टेकतो तेथे एक पातळ पट्टी चिकटवली की ते साधते.

याबाबत नेमबाजीच्या वर्गातून मदत मिळेल, अशी अपेक्षा फार ठेवू नये. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले ते छिद्राच्या साइटवर, आणि तेथील प्रशिक्षकांचे कसबही त्याच साइटचे असते. पकड, श्वास आणि घोडा यांसाठी मात्र त्यांच्याइतका चांगला गुरू नाही.

क्लिक संपतात, तेव्हा

टरेट वरच्या दिशेने शेवटपर्यंत फिरवला तरी छर्रा खालीच लागतो, ही मोडत्या नळीच्या बंदुकीची खास व्याधी आहे. तिची नळी रेलच्या तुलनेत किंचित खाली झुकलेली असते. आतल्या नळीला टरेटच्या स्क्रूवर दाबून धरणारी एक स्प्रिंग असते आणि टरेट वरच्या टोकाला पोहोचला की तिचा ताण सर्वांत कमी होतो. त्यामुळे तेथे नुसते क्लिकच संपत नाहीत, तर फुली प्रत्येक हादऱ्याला डळमळूही लागते. झुबका मध्याजवळ आला, पण फाटला, असे झाल्यास टरेट टोकाला पोहोचला आहे का, ते पाहावे.

प्रथम दोन्ही टरेट मध्यावर आणावेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजावेत आणि निम्मे मागे यावे; टोकाला जोर लावू नये. त्यानंतर छर्रा जितका खाली लागेल तितकी चूक टरेटने नव्हे, माउंटने भरून काढावी. मागची बाजू उंच असलेला किंवा उंची बदलता येणारा माउंट हा योग्य उपाय होय. तो मिळेपर्यंत मागच्या रिंगेच्या खालच्या अर्ध्यात शीतपेयाच्या कॅनची कापलेली पट्टी घालता येते. ती साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असते. दोन रिंगांमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल तर तेवढ्याने छर्रा २५ मीटरवर सुमारे अडीच सेंटिमीटर वर येतो. दोनपेक्षा जास्त पट्ट्या घालू नयेत. रिंगांच्या कडा नळीत रुततात. आडवी चूक तेवढीच मोठी असेल तर पट्टी घालत बसण्यापेक्षा माउंट उलटा फिरवून बसवून पाहावा, अनेकदा दोष बाजू बदलतो आणि माउंटच वाकडा असल्याचे सिद्ध होते.

आता स्कोपची पाळी

एवढे सगळे करूनही झुबका जमत नसेल तर स्कोप उतरवावा आणि त्याच छऱ्यांनी, त्याच अंतरावर, उघड्या माशीवर, म्हणजे बंदुकीच्या स्वतःच्या साइटवर, नेम धरून पाच छर्रे मारावेत. माशीवरचा झुबका स्कोपवरच्या झुबक्यापेक्षा लहान निघाला तर दोष स्कोपमध्ये किंवा माउंटमध्ये आहे, यात शंका उरत नाही. माशी नसलेल्या बंदुकीवर खात्रीचा दुसरा स्कोप त्याच रिंगांत बसवून पाहावा.

टरेटची परीक्षा चौकोनाने घेतात. २५ मीटरवर मोठा कागद लावून, नेम शेवटपर्यंत एकाच ठिपक्यावर धरून, आधी तीन छर्रे मारावेत. मग ४० क्लिक उजवीकडे देऊन तीन, ४० खाली देऊन तीन, ४० डावीकडे देऊन तीन आणि ४० वर देऊन पुन्हा तीन मारावेत. पाव मिनिटाच्या क्लिकला चौकोनाची प्रत्येक बाजू सुमारे ७.३ सेंटिमीटर भरली पाहिजे आणि शेवटचे तीन छर्रे पहिल्या तिघांवर पडले पाहिजेत. चारही बाजू सारख्याच पण थोड्या आखूड भरल्या तर क्लिकचे माप छापील मापाहून वेगळे आहे एवढेच. अशा स्कोपवर झिरो होतो. बाजू वाकड्या आल्या किंवा शेवटचा झुबका पहिल्याकडे परतलाच नाही, तर आतली नळी किंवा तिची स्प्रिंग गेली आहे. मोठ्या रायफलीचा स्कोप फक्त मागचा धक्का सोसायला केलेला असतो. स्प्रिंगच्या बंदुकीचा पुढचा हिसका त्याला असाच निकामी करतो, म्हणून नवा घेताना तो स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी चालतो, असे पेटीवर लिहिलेले पाहूनच घ्यावा.

स्कोप हलवल्यावर आत काही खुळखुळणे, फुली कलती होणे किंवा पावसाळी सकाळी काचेवर आतल्या बाजूने वाफ धरणे, ही बाकीची चिन्हे. वाफ धरली म्हणजे ओ-रिंग (स्कोप हवाबंद ठेवणारी रबरी कडी) फुटून आतला नायट्रोजन निघून गेला आहे. असा स्कोप घरी किंवा घड्याळवाल्याकडे उघडू नये; पुन्हा वायू भरण्याची सोय त्यांच्याकडे नसते आणि उघडल्याबरोबर हमी संपते. हमीत असलेला स्कोप परत करताना जपून ठेवलेले कागद, विशेषतः चौकोनाचा कागद आणि माशीवरचा झुबका, अंतर व क्लिक लिहून सोबत जोडावेत. ‘नीट चालत नाही’ एवढेच लिहिलेला स्कोप पुसून जसाच्या तसा परत येण्याची शक्यता बरीच असते.